जावयाचा डाग

"रंग आहे तो. मला डाग शिकवू नकोस."

"नाही, वन्सं, मी आपलं म्हटलं… मला जरा रक्तासारखं वाटलं."

"वाटलं! तुला काय, काहीही वाटतं. मागे तुला चहाचा डाग गंजाचा वाटला होता. त्या सलूनवाल्याचे लाल टॉवेल पांढऱ्यात घातलेस की नाही, एवढंच सांग."

भावजय म्हणाली, नाही घातले. नणंद म्हणाली, घातलेस. मग नेहमीप्रमाणे घातलेच होते असं ठरलं. भावजयीनं ती चादर पुन्हा टबात बुडवली, तीही गरम पाण्यात, कारण रंग काढायचा तर गरम पाणी हवं, असा नणंदेचा हुकूम होता.

या नणंदेला सगळी गल्ली कडकमावशी म्हणायची. तिच्या दुकानातून आलेला सदरा खुंटीवाचून उभा राहील इतकी खळ त्याला असायची, म्हणून हे नाव पडलं, असं ती स्वतः सांगायची. लोकांचं म्हणणं वेगळं होतं. लोक म्हणायचे, ती बोलली की ऐकणाऱ्याला खळ बसते.

दुकान म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत टब, धुलाईचं मोठं यंत्र आणि कायम ओली फरशी. पुढच्या खोलीत इस्त्रीचं लांब टेबल, घड्यांचे ढीग आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीत बसून मावशी गिऱ्हाइकांचे कपडे घ्यायची आणि घेता घेता माणसाचा पंचनामा करायची. तिला माणसं तोंडानं माहीतच नव्हती, मळानं माहीत होती. समोरच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वच्छतेवर तासभर बोलायचे, त्यांच्या बनियनच्या काखा ती दोन बोटांनी उचलायची. वकील गडी मोठा रुबाबदार, पण उशीच्या अभ्र्यावर लाळेचे नकाशे काढायचा. कोपऱ्यावरच्या लॉजच्या चादरींबद्दल तर ती काही बोलायचीच नाही. नाकाला पदर लावून, नजर दुसरीकडे ठेवून, काठीनं उचलून टबात टाकायची. गिऱ्हाईक वळलं की म्हणायची, "वरून कापड, आतून उकिरडा." आणि हे गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढ्या बेतानं म्हणायची.

डागातलं तिला कळायचं, यात मात्र खोटं काही नव्हतं. आई इस्पितळाच्या चादरी धुवायची. ही परकराचा काचा मारून तिच्याशेजारी हौदात उभी राहायची, तेव्हापासून तिचे पाय साबणात. रक्ताला गार पाणी, तेलकटाला गरम, शाईला धीर. हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पाढे पुढे झालेच नाहीत. मग लग्न झालं. नवरा झोपण्यात पटाईत. तिनं लोकांच्या चादरी धुवाव्यात आणि त्यानं त्या अंथरून घ्याव्यात, असा संसार. एके दिवशी तो झोपेतच गेला. आयुष्यात त्यानं एवढं एकच काम पुरं केलं, असं ती म्हणायची. मग तिनं ही खोली घेतली, यंत्र आणलं, लॉजचं काम मिळवलं, आणि धाकट्या भावाची नोकरी सुटली तेव्हा त्याला बायकोसकट बोलावून घेतलं. भाऊ इस्त्रीवर, भावजय टबावर. भाऊ कमी बोलायचा. बहिणीपुढे बोलायची जागाच शिल्लक राहत नसे.

आणि एक जावई.

मावशीला पोरबाळ नव्हतं, पण जावई होता. लॉजच्या गाठोड्यात, एका उशीच्या अभ्र्यात तो आला होता. मुठीएवढा, डोळ्यांत चिपडं. मावशी तो अभ्रा तसाच घेऊन लॉजवर गेली आणि मॅनेजरला म्हणाली, "तुमच्या गिऱ्हाइकाचं राहिलंय." मॅनेजरनं हात वर केले. तिनं त्याला परत आणलं ते शिव्या देत, आणि तेव्हापासून शिव्या देतच पोसलं. खायला वेळेवर, पण खाऊन झाल्यावर कृतज्ञता शून्य. सगळ्यात मऊ घडीवर बसायचं आणि घरचे कामं करत असताना त्यांच्याकडे अर्ध्या डोळ्यानं बघायचं. "हा बोका नाही, जावई आहे," मावशी म्हणाली, आणि तेच नाव राहिलं. वर्षं गेली तसा तो पिवळ्या पट्ट्यांचा चांगला लोडाएवढा झाला. बाजारच्या पाकिटातलं कोरडं खाणं खायचा, पाण्याकडे ढुंकून बघत नसे, आणि इस्त्रीच्या टेबलाखालच्या उबेत दिवस काढायचा.

तर, त्या चादरीवरचे गुलाबी ठिपके. एक चादर पुन्हा धुतली, वाळवली, घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्यांच्या ढिगात वरच्याच चादरीवर पुन्हा ठिपके. मोहरीएवढे, फिकट, तीन-चार एका जागी.

मावशीनं भावजयीकडे पाहिलं. भावजयीनं कानांवर हात ठेवले. मग मावशीनं सलूनवाल्याचा लाल टॉवेल मुठीत धरला आणि रस्ता ओलांडला.

सलूनमध्ये एकाच्या तोंडाला फेस होता आणि दोघं बाकावर होते. मावशीनं तिघांसमोर टॉवेल फडकवला आणि सलूनवाल्याला विचारलं, की हा टॉवेल विकत घेतलास का कुठल्या जत्रेत फुगे फोडून जिंकलास? असल्या पाण्यात विरघळणाऱ्या मालानं तू माणसांची तोंडं पुसतोस आणि ती माणसं तुला पुसू देतात, म्हणजे तोंडंही त्याच लायकीची असतील. फेसवाल्यानं डोळे मिटून घेतले. सलूनवाला शांत माणूस. त्यानं काही न बोलता दाढीच्या गरम पाण्याचं भांडं पुढे ओढलं, टॉवेल त्यात दाबला, पिळला आणि भांडं मावशीपुढे धरलं. पाणी स्वच्छ होतं.

"आज नाही उतरला," मावशी म्हणाली. "काल उतरला."

आणि टॉवेल त्याच्या खुर्चीवर टाकून परत आली. रस्ताभर तिचं डोकं ताठ होतं.

परत आली तर जावई मागच्या खोलीत, रिकाम्या टबात पुढचे पाय रोवून, पाठीला कमान करून बसलेला. बसला, जोर लावला, उठला. चार पावलं गेला, पुन्हा बसला. घशातून एक बारीक, खालच्या सुरातलं काहीतरी निघालं. भावजय म्हणाली, हा कालपासून असाच करतोय. मावशीला त्यात नवल काही वाटलं नाही. दिवसभर लोळायचं, कोरडं खायचं, मग कोठा साफ कसा होणार? वकिलाचंही तसंच आहे, त्याच्या लेंग्यांवरून कळतं. तिनं एरंडेलाची बाटली काढली, जावयाचा जबडा दोन बोटांनी फाकवला आणि चमचा रिकामा केला. त्यानं तिच्या मनगटावर नखांची सही केली. ती म्हणाली, "बघा. जावई म्हणजे दुखणं आमचं आणि ओरखडेही आम्हालाच."

ते एरंडेल त्याला दुपारी लागलं, सगळ्या फरशीवर लागलं. तरी त्याचं बसणं-उठणं थांबलं नाही. संध्याकाळी त्यानं खाण्याकडे पाठ फिरवली. हे मात्र पूर्वी कधी घडलं नव्हतं. मावशीनं वाटी पायानं त्याच्याजवळ सरकवली, म्हणाली, "रुसला," आणि काम करत राहिली. पण यंत्राचं झाकण तिनं दोनदा उघडून दोनदा लावलं.

तिसऱ्या सकाळी भाऊ इस्त्री करत होता. लॉजची चादर टेबलावर पसरली होती, तिच्यावर तेच ठिपके होते. बहीण बघायच्या आत इस्त्री फिरवून मोकळं व्हावं असा त्याचा साधा विचार. त्यानं गरम इस्त्री ठिपक्यांवर दाबली आणि उचलली. गुलाबी ठिपके तपकिरी झाले होते. आणि वाफेबरोबर एक वास वर आला, तिखट, नाकात घुसणारा.

मावशीचं नाक ब्लीचिंग पावडरनं कधीच मारून टाकलं होतं. पण हा वास त्या मेलेल्या नाकातही शिरला. ती टेबलाशी आली. तपकिरी ठिपक्यांकडे पाहत राहिली. रंग असा भाजत नाही. इस्त्रीखाली असं भाजतं ते रक्त. हे ती हौदात उभी असल्यापासून जाणत होती. भावजयीला रोज ऐकवत होती. आणि दोन दिवस तिनं स्वतःच्या तोंडानं त्याला रंग म्हटलं होतं, गरम पाण्यात उकळलं होतं, रस्ता ओलांडून भांडली होती.

"मुताचा वास आहे," भाऊ हळूच म्हणाला.

मावशी वाकली आणि टेबलाखालून जावयाला ओढलं. त्यानं नख काढलं नाही. ते तिला सगळ्यात वाईट वाटलं. तिनं त्याच्या पोटाखाली हात घातला. मागच्या पायांच्या मधे मोसंबीएवढं काहीतरी होतं, कडक, ताणलेलं. हात लागताच तो ओरडला आणि पांढरा फेस ओकला.

भावजय दारात उभी होती. "मुतायला होत नाही त्याला, वन्सं," ती म्हणाली. "थेंब थेंब त्या घड्यांवरच गाळत असणार. आता तोही बंद झाला."

मावशीनं धुतलेला एक अभ्रा घेतला, जावयाला त्यात घातलं, जसा तो आला होता तसाच, फक्त आता मान बाहेर लोंबत होती.

जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर जाडा, टकला, आणि माणसांवर मनापासून वैतागलेला. जनावरं त्याला चालायची. जनावरं ज्यांना घेऊन येतात ते त्याला चालायचे नाहीत. त्यानं पोट दाबून पाहिलं, आणि मावशीकडे न बघता विचारलं, किती दिवस? मावशीनं सांगितलं. काही दिलं का? मावशीनं एरंडेलाचं सांगितलं.

"वा," डॉक्टर म्हणाला. "पुढच्या दाराला कुलूप, आणि तुम्ही मागचं दार उघडलंत."

कडकमावशीनं जावयाची लोंबती मान उचलून नीट टेबलावर टेकवली.

डॉक्टरनं त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि काम करता करता सांगितलं ते असं. बोक्याची मुताची वाट म्हणजे पेनातल्या रिफिलीपेक्षा बारीक. त्यात रेती साठते, शेंबडासारखा चिकटा साठतो, आणि बूच बसतं. मांजरीचं सहसा असं होत नाही, तिची वाट रुंद आणि आखूड. बूच बसलं की पिशवी फुगते, पाणी मूत्रपिंडांवर उलटतं, आणि जे विष मुतातून जायचं ते रक्तात फिरतं. त्यानं काळजाचे ठोके मंदावतात. ह्याचे मंदावलेत. आणखी एक दिवस तुम्ही साबण लावत बसला असता, तर मला फक्त खड्डा कुठे खणायचा एवढंच सांगायचं उरलं असतं.

मग त्यानं बारीक नळी घातली, सलाइनच्या पिचकारीनं आत धुतलं, पुन्हा धुतलं. एकदम नळीतून गढूळ, लालसर मूत भांड्यात पडायला लागलं. ते पडतच राहिलं. एवढ्याशा प्राण्यात एवढं पाणी असेल असं मावशीला वाटलं नव्हतं.

"सुटला," भाऊ म्हणाला.

"वाट सुटली," डॉक्टर म्हणाला. "मूत्रपिंडं वाचलीत की नाही ते ह्या नळीतून पुढे काय येतं त्यावर. रक्ताचा रिपोर्ट वाईट आहे. आता आधी ती वेड्यासारखं पाणी सोडतील, तेवढं आपण शिरेतून भरत राहायचं. मग हळूहळू शुद्धीवर येतील. किंवा येणार नाहीत."

जावई पिंजऱ्यात राहिला. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, पायाला सलाइन, मागे नळी. लॉजच्या मऊ घडीवर बसणाऱ्या जावयाला दवाखान्यानं खाली काय अंथरलं होतं, तर एक फडकं. मावशीनं ते फडकं पाहिलं आणि तिची वाचा परत आली. तिनं डॉक्टरला विचारलं, की हे फडकं धुतलंय की नुसतं धमकावलंय? असल्या चिंधीवर चांगला बोकाही आजारी पडेल. दुसऱ्या सकाळी ती स्वतःच्या पांढऱ्या चादरींचे तुकडे खळ न करता धुऊन घेऊन आली. डॉक्टर म्हणाला, आणा. पांढऱ्यावर रंग बरा कळतो. गुलाबी कमी होऊन पिवळं झालं पाहिजे.

तेव्हापासून ती रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जाऊन पिंजऱ्यातलं कापड बदलायची, खिडकीच्या उजेडात धरून पाहायची. जन्मभर लोकांच्या डागांना तिनं नाकं मुरडली होती. आता एका बोक्याच्या डागाकडे सोनाराची नजर लावून ती उभी राहायची, आणि बाकीच्या पिंजऱ्यांतल्या कुत्र्यांचे मालक तिच्याकडे बघायचे. तीही त्यांच्याकडे बघायची. त्यांच्या कुत्र्यांच्या पट्ट्यांबद्दल तिची मतं होती, ती तिनं त्यांना दिली.

रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला तेव्हा आकडे उतरले होते. डॉक्टर म्हणाला, मूत्रपिंडं सावरतायत. थोडी उणीव राहील कदाचित. आज नळी काढतो, घरी न्या. पण संध्याकाळपर्यंत आपला आपण मुतला पाहिजे. नाही मुतला किंवा पुन्हा थेंब थेंब करायला लागला, तर परत घेऊन या, आणि दुसऱ्या वेळी मूत्रपिंडं एवढं ऐकून घेतीलच असं नाही. कोरडं खाणं बंद, ओलं खाणं, पाणी भरपूर, वजन कमी.

"आणि त्याला ताण नको."

"ताण?" मावशी म्हणाली. "त्याच्या डोक्यावर कसला ताण? दुकान तो चालवतो?"

"ताणानंही हे होतं. घरात आरडाओरडा असतो का?"

भावानं छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं, पण तो बराच वेळ पाहत राहिला.

त्या दिवशी कडकमावशीचं दुकान गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं असं होतं. यंत्र बंद. जावई पुढच्या खोलीत, त्याच्याखाली लॉजची नवी कोरी पांढरी चादर, शेजारी पाण्याची तीन भांडी. मावशी कुजबुजत होती. आणि कुजबुजत शिव्या देत होती, त्या ओरडून दिलेल्यांपेक्षा जास्त झोंबत होत्या. मुख्याध्यापक कपडे घेऊन आले तर ती त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन काखांबद्दल अशा हळुवार आवाजात बोलली, की ते कपडे तसेच ठेवून गेले. लॉजचा मॅनेजर मळक्या चादरी द्यायला आला, आपली चादर बोक्याखाली पाहून त्यानं तोंड उघडलं.

"तुमच्या गिऱ्हाइकांपेक्षा स्वच्छ आहे तो," मावशी कुजबुजली. "आणि एकटाच झोपतो."

मॅनेजरनं तोंड मिटलं.

दुपार कलली. जावई चादरीवर नुसता बसला. उठला, अंग चाटलं, पुन्हा बसला. वाकून जोर लावत नव्हता, हे बरं. पण करतही नव्हता. मावशी टेबलाशी उभी, हातात गार पडलेली इस्त्री. भाऊ म्हणाला, आपण सगळे टक लावून बघतोय, कुणाला होईल? म्हणून तिघंही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भावजयीला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. नणंदेनं त्याबद्दल तिला काही म्हटलं नाही. चार दिवसांत तिनं भावजयीला काहीच म्हटलं नव्हतं. भावजयीला त्याचीच भीती वाटत होती.

मागे धप्प आवाज झाला. जावई चादर सोडून टेबलावर चढला होता. टेबलावर सकाळी इस्त्री केलेल्या लॉजच्या चादरींचा ढीग होता, एकसारख्या घड्या, धारदार कडा. जावई ढिगावर चढला, वर्तुळात फिरला, पायांनी वरची घडी उकरली, आणि वाकला. अर्ध्या डोळ्यानं मावशीकडे बघत तो मुतला. सलग. घड्यांच्या कडांवरून धार खाली उतरली, दुसऱ्या घडीत गेली, तिसऱ्या घडीत गेली.

 काम झाल्यावर तो खाली उतरला आणि पाण्याच्या भांड्याशी जाऊन प्यायला लागला.

मावशीनं वरची चादर उचलली, खिडकीशी नेली आणि उजेडात धरली. डाग ताटाएवढा होता. तिनं खूप वेळ पाहिला. मग चादर भावजयीच्या हातात दिली.

"बघ. रक्त आहे का?"

भावजयीनं आधी नणंदेकडे पाहिलं, मग चादरीकडे. दोन्ही बाजूंनी पाहिली. वास घेतला.

"नाही, वन्सं. निव्वळ मूत आहे."

"नक्की?"

"नक्की."

"तू म्हणतेस तर नसेल," मावशी म्हणाली. मग जावयाकडे वळली आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज आपल्या जागी आला, तरी जरा खालीच. "एवढ्याशा कामाला अख्खं दुकान बंद पाडलंस. आणि केलंस ते इस्त्रीच्या कपड्यांवर. जावई तो जावईच."

जावई पाणी पीत राहिला.

तिनं ढीग दोन्ही हातांत उचलला, ओला भाग अंगाला लागला तरी काठी घेतली नाही, आणि मागच्या खोलीत गेली. भावाला सांगितलं, सलूनवाल्याचे टॉवेल आज आधी कर, आणि घडी जरा बरी घाल. भावजयीला म्हणाली, टब भर. गार पाण्यानं. मग यंत्राचं बटण दाबलं आणि बाह्या वर सरकवल्या.